गार्सिया द ओर्ता: मुंबई बेटाचे वैद्य, ज्यांच्या घरात दोन धर्म होते आणि एकच सांगता येत होता

पालघरजवळचं केळवे म्हटलं की समुद्रकिनारा, सुरूची झाडं, शितलादेवीचं मंदिर आठवतं. आणि पानमळे. केळवे-माहीम पट्ट्यातलं विड्याचं पान पूर्वीपासून दूरदूरच्या बाजारात जातं. याच पानावर, नारळावर, फणसावर, जांभळावर आणि आंब्यावर साडेचारशे वर्षांपूर्वी एका युरोपियन डॉक्टरने सविस्तर लिहून ठेवलं. त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं.

त्या डॉक्टरचं नाव गार्सिया द ओर्ता. आजच्या दक्षिण मुंबईचं बेट एकेकाळी त्यांच्या ताब्यात होतं. पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्यांच्याकडून उपचार घेत. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्यांचा रुग्ण होता आणि मित्रही.

१५६८ मध्ये ओर्ता वारले. बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्यातल्या धर्मन्यायालयाने त्यांची हाडं थडग्यातून बाहेर काढायला लावली आणि जाहीरपणे जाळली. आरोप होता, हा माणूस बाहेरून ख्रिश्चन होता, पण आतून ज्यू.

मेलेल्या माणसाला शिक्षा द्यावी असं त्यांनी काय केलं होतं? उत्तर शोधायला केळव्याचा किनारा सोडून हजारो किलोमीटर दूर, पोर्तुगालमधल्या एका लहान गावात जावं लागतं. तिथे ते ज्या घरात वाढले, त्या घरात या गोष्टीची सुरुवात आहे.

जन्माआधीच बदललेला धर्म

ओर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास कास्तेलो द विदे या गावी झाला. हे गाव पोर्तुगालच्या पूर्वेला, स्पेनच्या सीमेला लागून आहे. तिथली जुनी ज्यू वस्ती आणि सिनेगॉगची इमारत आजही पाहायला मिळते.

त्यांचे आईवडील मूळचे या गावचे नव्हते. ते सीमेपलीकडचे, म्हणजे स्पेनचे. १४९२ मध्ये राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांनी स्पेनमधल्या सगळ्या ज्यूंना फर्मान काढलं: ख्रिश्चन व्हा, नाहीतर देश सोडा. हजारो कुटुंबं चालत सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आली. पोर्तुगालच्या राजाने त्यांना माणशी कर घेऊन आठ महिने राहायची परवानगी दिली. त्या लोंढ्यातच ओर्ता कुटुंब होतं.

पण आसरा फार काळ टिकला नाही. पुढचा राजा मानुएल याला स्पेनच्या राजकन्येशी लग्न करायचं होतं आणि स्पेनची अट होती की पोर्तुगालमध्येही ज्यू नकोत. मानुएलने १४९६ च्या डिसेंबरमध्ये हकालपट्टीचा हुकूम काढला. मात्र व्यापारी, वैद्य, कारागीर असे कामाचे लोक देशाबाहेर जावेत, हेही त्याला नको होतं. मग त्याने वेगळीच वाट काढली. १४९७ मध्ये आधी ज्यूंच्या लहान मुलांना आईबापांपासून हिसकावून बाप्तिस्मा देण्यात आला. नंतर जहाजाच्या आशेने लिस्बनला जमलेल्या मोठ्या माणसांनाही जबरदस्तीने ख्रिश्चन करण्यात आलं.

अशा तऱ्हेने पोर्तुगालमधले ज्यू कागदोपत्री संपले. गार्सियाच्या वडिलांचं ज्यू नाव इसाक होतं, ते आता फर्नांव झाले. आई लिओनोर गोमेस. गार्सिया जन्मला तेव्हा या बदलाला जेमतेम चार वर्षं झाली होती. त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याला ख्रिश्चन नाव मिळालं. घरात मात्र जी माणसं होती ती चार वर्षांपूर्वीपर्यंत उघडपणे ज्यू म्हणून जगलेली होती.

'नवे ख्रिश्चन' म्हणजे कोण?

बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न मिटला, असं झालं नाही. या लोकांना समाजाने एक वेगळं नाव दिलं, 'नवे ख्रिश्चन'. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिश्चन असलेले ते 'जुने ख्रिश्चन'. धर्म एकच, चर्च एकच, तरी रेघ कायम राहिली. ही ओळख आईबापांकडून मुलांकडे आणि मुलांकडून नातवंडांकडे जात राहिली. जन्मावरून माणूस ओळखण्याची ही पद्धत आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

राजाने एक सवलत मात्र दिली होती. १४९७ पासून वीस वर्षं कुणाच्या घरातल्या श्रद्धेची चौकशी होणार नाही, असं वचन होतं आणि पुढे ही मुदत वाढवण्यात आली. गार्सियाचं सगळं बालपण या सवलतीच्या काळात गेलं. कायदा घरात डोकावत नव्हता, पण शेजारी डोकावत होते. १५०६ मध्ये, गार्सिया पाचेक वर्षांचा असताना, लिस्बनमध्ये जमावाने नव्या ख्रिश्चनांची कत्तल केली. त्यात मेलेल्यांचा आकडा साधारण दोन हजार किंवा त्याहून जास्त सांगितला जातो.

असं घर आतून कसं असायचं?

गार्सियाने स्वतःच्या बालपणाबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही. पण पोर्तुगालमधल्या नव्या ख्रिश्चनांच्या घरांबद्दल पुढे धर्मन्यायालयात जे जबाब नोंदले गेले, त्यावरून अशा घरांचं चित्र बरंच स्पष्ट दिसतं.

रविवारी सगळं कुटुंब चर्चला जायचं. मुलांना ख्रिस्ती प्रार्थना पाठ असायच्या. ईस्टर, नाताळ, संतांचे सण सगळे पाळले जायचे. यात सगळंच नाटक नव्हतं. मूल ज्या गावात वाढतं तिथले सण, गाणी, घंटेचा आवाज त्याच्या अंगवळणी पडतोच.

आणि शुक्रवारी संध्याकाळी घर झाडून स्वच्छ व्हायचं. अंगावर धुतलेला सदरा यायचा. दिवा लागायचा, पण तो बाहेरून दिसू नये म्हणून कपाटात किंवा मडक्यात ठेवलेला. शनिवारी काम टाळायचं, पण ते टाळलंय हे कळू नये म्हणून हातात काहीतरी घेऊन बसायचं. डुकराचं मांस ताटात आलं तर काहीतरी सबब सांगायची. वर्षातून एकदा, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, कडक उपास.

ज्यू धर्मग्रंथ बाळगणं धोक्याचं होतं. रब्बी उरले नव्हते. त्यामुळे परंपरा पुस्तकातून नाही तर तोंडातोंडी पुढे जायची आणि ती सांभाळायच्या बायका. आजी, आई, मावशी यांनी लक्षात ठेवलेल्या चार प्रार्थना म्हणजे धर्म. काळ जाईल तसे यात दोन्ही धर्मांचे रंग मिसळत गेले. बायबलमधली एस्तर राणी या घरांना फार जवळची वाटायची, कारण तिनेही राजवाड्यात आपलं ज्यू असणं लपवलं होतं. काही घरांत तिला ख्रिश्चन पद्धतीने चक्क 'संत एस्तर' म्हटलं जायचं.

सगळ्यात अवघड प्रश्न असायचा मुलांना सांगायचं कधी. लहान मूल शेजारी बोलून गेलं तर सगळं घर संपलं. म्हणून अनेक घरांत मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत थांबायचे. तोपर्यंत मूल स्वतःला साधं ख्रिश्चन समजत असायचं. मग एक दिवस त्याला कळायचं की आपल्या घरातल्या काही सवयींचा अर्थ वेगळाच आहे. त्या दिवसापासून त्याला दोन गोष्टी शिकाव्या लागायच्या, नवा धर्म पाळायला आणि जुन्याबद्दल गप्प बसायला.

गार्सियाला तीन बहिणी होत्या: व्हिओलांते, कातारिना आणि इझाबेल. या घरातलं काय कुणी लक्षात ठेवलं आणि काय सोडून दिलं, हे पुढे पन्नासेक वर्षांनी गोव्यातल्या कोठडीत बाहेर यायचं होतं.

ज्या देशाने हाकललं, तिथेच शिक्षण

गार्सियाचे वडील व्यापारी होते. मुलगा हुशार दिसला तेव्हा त्याला त्यांनी स्पेनमध्ये शिकायला पाठवलं. ज्या देशातून हे कुटुंब वीस-बावीस वर्षांपूर्वी हाकललं गेलं, त्याच देशात आता त्यांचा मुलगा ख्रिश्चन विद्यार्थी म्हणून गेला. सालामांका आणि आल्काला या तेव्हाच्या नावाजलेल्या विद्यापीठांत त्याने तत्त्वज्ञान आणि वैद्यक शिकून घेतलं. स्पेनमध्ये तेव्हा धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, जोरात सुरू होतं.

१५२३ च्या सुमारास ओर्ता गावी परतले. १५२६ मध्ये त्यांना वैद्यकी करण्याचा परवाना मिळाला. पुढे ते लिस्बनला गेले, राजदरबारात वैद्य म्हणून त्यांचं नाव झालं आणि १५३० पासून तिथल्या विद्यापीठात शिकवू लागले. तिशी नुकतीच आलेली, मानाची नोकरी, राजाची ओळख. तरी चारच वर्षांत त्यांनी हे सगळं सोडलं.

का सोडलं, हे त्यांनी सांगितलेलं नाही. पण त्या वर्षांत काय घडत होतं हे पाहिलं की अंदाज येतो. राजा तिसरा जुआंव पोर्तुगालमध्येही इन्क्विझिशन आणण्यासाठी पोपकडे प्रयत्न करत होता. १५३२ मध्ये नव्या ख्रिश्चनांना देश सोडून जायला बंदी घालण्यात आली. दार बंद होत होतं.

ओर्ता यांच्याकडे एक वाट होती. मार्तिम अफोन्सो द सोझा हा सरदार त्यांच्या ओळखीचा होता. हिंदुस्थानात जाणाऱ्या आरमाराचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली आणि ओर्ता त्याचे वैद्य म्हणून जहाजावर चढले. मार्च १५३४ मध्ये ते लिस्बनहून निघाले, सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरले. १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. आई आणि बहिणी मागेच राहिल्या होत्या.

गोवा, वसई आणि मुंबईचं बेट

ओर्ता आले ते वर्ष आपल्या किनाऱ्यासाठीही महत्त्वाचं आहे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातला प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यात मुंबईची बेटंही होती. पुढे सोळाव्या शतकातच दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी पाय रोवले. या पट्ट्याला ते 'उत्तर प्रांत' म्हणत आणि त्याची राजधानी होती वसई. केळवे, माहीम, तारापूर, डहाणू ही सगळी याच प्रांतातली ठाणी. केळव्याच्या खाडीच्या तोंडाशी दिसणारा पाणकोट आणि वाळूत अर्धा गाडला गेलेला भुईकोट त्याच काळाची खूण आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत हा किनारा मराठ्यांकडे आला.

सुरुवातीची काही वर्षं ओर्ता सोझाबरोबर मोहिमांवर फिरले. दीव, काठियावाड, मलबार. १५३८ मध्ये सोझा पोर्तुगालला परतला, ओर्ता मात्र गोव्यातच राहिले. त्यांनी दवाखाना चालवला, औषधांचा आणि रत्नांचा व्यापार केला. गोव्यातल्या घरी बाग केली, त्यात देशोदेशीच्या औषधी वनस्पती लावल्या. ब्रिआंदा द सोलिस या नात्यातल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि त्यांना दोन मुली झाल्या.

१५५४ च्या सुमारास मुंबईचं बेट त्यांना खंडाने मिळालं. बेटाच्या उत्पन्नावर त्यांचा हक्क, बदल्यात सरकारला ठरलेली रक्कम. तेव्हा ही मुंबई म्हणजे माड, भातशेती आणि कोळीवाड्यांचं बेट होतं. त्यांनी तिथे वाडा बांधला. पुढे इंग्रजांनी त्याच वाड्याभोवती आपला किल्ला उभारला. आज ती जागा फोर्ट भागात, एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमागे नौदलाच्या आवारात येते. आपल्या या बेटावरच्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं, असं ओर्ता यांनी कौतुकाने लिहिलं आहे.

बाहेरून पाहिलं तर हे पूर्ण यशस्वी आयुष्य होतं.

पण भीती पाठोपाठ आलीच

१५४३ मध्ये गोव्यात एक घटना घडली. जेरोनिमो दियास नावाच्या डॉक्टरवर ज्यू मतं बाळगल्याचा आरोप झाला. तोही नवा ख्रिश्चन. गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन नव्हतं, तरी त्याला गळा आवळून मारलं आणि देह जाळला. त्या वेळी गोव्याचा गव्हर्नर होता मार्तिम अफोन्सो द सोझा, म्हणजे ओर्ता यांना इथे घेऊन आलेला त्यांचा आश्रयदाता. ओर्ता यांच्यासारख्याच पेशाचा, त्यांच्यासारख्याच जन्माचा माणूस त्यांच्याच गावात जाळला गेला आणि ज्याच्या भरवशावर ते इथे आले होते, तोच सत्तेवर होता.

तिकडे पोर्तुगालमध्ये घरच्यांवरही संकट आलं. आई आणि बहिणींना ज्यू रीती पाळल्याच्या संशयावरून लिस्बनमध्ये कैद झाली होती. सुटका झाल्यावर १५४९ मध्ये आई आणि दोन बहिणी गोव्याला आल्या. पंधरा वर्षांनी कुटुंब एकत्र आलं. कातारिनाही नवऱ्यासह गोव्यातच राहत होती.

इथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, चौल-अलिबागच्या आसपासच्या गावांत बेने इस्रायली ज्यूंची वस्ती होती. परंपरेने तेलाचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शनिवार पाळतात, एवढंच. त्यासाठी कुणी त्यांना पकडून नेत नव्हतं. अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारातही वेगवेगळ्या धर्मांचे वैद्य एकत्र काम करत. एकाच किनाऱ्यावर काही कोसांच्या अंतराने तोच शनिवार एकाची ओळख होता आणि दुसऱ्याचा गुन्हा.

डोळ्यांनी पाहिलेलं लिहिणारा माणूस

१० एप्रिल १५६३ रोजी ओर्ता यांचं पुस्तक गोव्यात प्रसिद्ध झालं. भारतात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. त्यामुळे हे इथल्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक आहे. छपाई इतकी घाईची की शेवटी चुकांची लांब यादी जोडावी लागली. पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोइंश तेव्हा गोव्यात होता आणि त्याची छापून आलेली पहिली कविता याच पुस्तकात आहे.

पुस्तकाचं थोडक्यात नाव 'कोलोकियुश', म्हणजे संवाद. दोन डॉक्टर बोलत बसलेत अशी त्याची रचना आहे. एक स्वतः ओर्ता, दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा. रुआनो नुकताच युरोपातून आलाय, ओर्ता यांच्यासारखाच सालामांका आणि आल्कालात शिकलाय आणि जुन्या ग्रीक ग्रंथांवर त्याचा फार विश्वास आहे. तो ग्रंथांचे दाखले देतो, ओर्ता प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतात. अशा पन्नासहून अधिक संवादांतून वेलची, दालचिनी, हिंग, भांग, कापूर, नारळ, आंबा, फणस, कोकम अशा कितीतरी गोष्टींची माहिती येते. विड्याच्या पानावरचा संवाद शेवटी जोडलेला आहे. युरोपात विड्याचं पान आणि तमालपत्र एकच समजलं जायचं, तो घोळ ओर्ता यांनी सोडवला.

पटकीच्या साथीचं युरोपियन माणसाने केलेलं एक अगदी सुरुवातीचं तपशीलवार वर्णनही यात आहे. त्या आजाराचं इथलं नाव त्यांनी नोंदवलं, ते आपल्या 'मोडशी' या शब्दावरून आलेलं. आजार इथला, तर नाव आणि उपायही इथल्या लोकांना विचारावेत, हा त्यांचा खाक्या. हिंदू वैद्य, मुसलमान हकीम, व्यापारी, घरातली मोलकरीण, सगळ्यांकडून ते शिकतात. मात्र त्यांच्या लिखाणात त्या काळच्या पोर्तुगीज सत्तेचा तोराही आहे आणि त्यांच्या घरात गुलामही होते, हे विसरता येत नाही.

युरोपातल्या विद्यापीठात असतो तर या जुन्या पंडितांविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, अशी कबुली ते पुस्तकात देतात. वैद्यकाबाबत त्यांनी ती हिंमत केली. गॅलनसारख्यांनाही चूक ठरवलं. पण जवळपास तीस वर्षांचा हिंदुस्थानातला अनुभव मांडणाऱ्या या पुस्तकात आपल्या घरातल्या धर्माबद्दल एक शब्दही नाही. लहानपणी शिकलेलं गप्प बसणं त्यांनी साठी ओलांडल्यावरही सोडलं नाही. आणि त्याला कारण होतं.

'व्हडलें घर'

पुस्तक आलं त्याआधी तीन वर्षं, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ मध्येच राजाकडे तशी मागणी केली होती. जुन्या गोव्यातल्या आदिलशहाच्या वाड्यात हे न्यायालय भरायचं. कोकणीत लोक त्याला 'व्हडलें घर', म्हणजे मोठं घर, म्हणू लागले.

त्याचा पहिला रोख नव्या ख्रिश्चनांवर होता. पुढच्या अडीचशे वर्षांत मात्र बळी पडले ते मुख्यतः इथलेच लोक, बाप्तिस्मा घेतल्यावरही जुन्या रीती न सोडलेले. १७३६ च्या एका फर्मानात तर अंगणातली तुळस, लग्नातली हळद अशा गोष्टींवरही बंदी आली. वसईपासून वरचा उत्तर प्रांतही याच न्यायालयाच्या अधिकारात होता. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा हा इतिहास आधुनिक वाचकांसमोर तपशिलात आला. हे न्यायालय कायमचं बंद झालं १८१२ मध्ये.

ओर्ता स्वतः कधी पकडले गेले नाहीत. व्हाइसरॉयच्या नाडीवर ज्याचा हात असतो, त्याच्या घराची झडती सहसा होत नाही. १५६८ मध्ये ते वारले आणि त्यांच्याबरोबर घरावरचं हे छत्रही गेलं.

कातारिना

ओर्ता वारले त्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला अटक झाली. तिच्या नवऱ्याचाही जबाब घेण्यात आला. आपला मेहुणा गार्सिया खासगीत मोशेचा धर्मच खरा मानायचा, असं त्याने सांगितलं. कोठडीत, छळाच्या भीतीखाली दिलेले हे जबाब आहेत, त्यामुळे ते तेवढ्याच सावधपणे वाचायला हवेत. पण कुटुंबातल्या इतरांच्या चौकशीतूनही तेच चित्र उभं राहिलं. कास्तेलो द विदेच्या घरात जे सुरू होतं, ते गोव्यातही थांबलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जाळण्यात आलं.

त्यानंतर मेलेल्या भावाचा खटला उभा राहिला. इन्क्विझिशनच्या कायद्यात मृत्यूने सुटका होत नसे. मृतावर आरोप ठेवता यायचा, त्याला दोषी ठरवता यायचं आणि त्याची मालमत्ता जप्त करता यायची. ४ डिसेंबर १५८० रोजी गार्सिया द ओर्ता यांचे अवशेष उकरून काढून जाळले गेले.

मग ते ज्यू होते की ख्रिश्चन?

हा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि एका शब्दात उत्तर मागितलं. अभ्यासकांना इतकं सोपं उत्तर देता येत नाही.

ओर्ता यांचा बाप्तिस्मा झाला होता, ते आयुष्यभर चर्चला गेले, त्यांचं बहुतेक शिक्षण ख्रिश्चन विद्यापीठांत झालं, त्यांचे मित्र ख्रिश्चन होते. आणि जबाब खरे मानले तर घरात ते आईकडून आलेला ज्यू धर्म मानत होते. सिनेगॉगमध्ये उघडपणे प्रार्थना करायची संधी त्यांना कधी मिळालीच नाही. ज्यू धर्म त्यांना माहीत होता तो बंद दारामागचा, बायकांनी लक्षात ठेवलेला. ख्रिश्चन धर्म माहीत होता तो सक्तीचा, पण रोजच्या जगण्यातला. यातला एक भाग खरा आणि दुसरा खोटा, अशी वाटणी करायला धर्मन्यायालयाला घाई होती. माणसाच्या आयुष्यात ती तशी होत नाही.

मिसळलेल्या परंपरा या किनाऱ्याला नव्या नाहीत. वसई-उत्तनच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी उंबराचं पाणी आणायची रीत आहे, मराठी गाणी आहेत, आधीच्या अनेक चालीरीती आहेत. मुलं त्यात वाढतात आणि ते लपवावं लागत नाही. ओर्ता यांच्या घरातही दोन परंपरा होत्या. फरक एवढाच की तिथे मुलाला त्यातली एक दाखवायची आणि एक लपवायची शिकवण मिळाली. संकट आलं ते दोन परंपरांमुळे नाही, तर एकच हवी या हट्टामुळे.

कागद टिकले, बाग राहिली

पुस्तक मात्र जाळून संपणारं नव्हतं. कार्ल क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती १५६४ मध्ये त्याची प्रत लागली. त्याने १५६७ मध्ये लॅटिनमध्ये त्याचा संक्षेप प्रसिद्ध केला आणि युरोपभर डॉक्टर ते वाचू लागले. लेखकाची हाडं गोव्यात जाळली जात होती तेव्हा त्याचं ज्ञान युरोपातल्या ग्रंथालयांत पोहोचलेलं होतं.

कुटुंबाचं गुपित मात्र फार उशिरा उघड झालं. एकोणिसाव्या शतकात काउंट फिकाल्यू यांनी ओर्ता यांचं चरित्र लिहिलं, तेव्हाही हा खटला अंधारात होता. १९३४ मध्ये आउगुश्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यू या पोर्तुगीज डॉक्टरने इन्क्विझिशनची कागदपत्रं शोधून काढली आणि कातारिनाचं नाव पुन्हा वाचलं गेलं. ज्या कागदांवर या कुटुंबाला संपवण्याचा हुकूम लिहिला होता, त्याच कागदांमुळे ते घर आतून कसं होतं हे आज कळतं.

पोर्तुगालने पुढे ओर्ता यांचं चित्र आपल्या नोटेवर छापलं, अल्मादा शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला त्यांचं नाव दिलं. पणजीत चर्चसमोरच्या चौकातली बाग त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कातारिनाच्या नावाने तिथे काही नाही. जी परंपरा जपल्याबद्दल भावाला मरणानंतर शिक्षा झाली, तिच्यासाठी ती जिवंतपणी जळाली होती.